भिंगरीचे पाय

वहिनींना सांगितलं म्हणजे सगळ्या घराला सांगितलं, अशी या घराची समजूत होती आणि ती साफ चुकीची होती.

समजूत वाटणीच्या भांडणापासूनची. तेव्हा दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. बुटांचा कारखाना एक, वरच्या मजल्यावरचं जेवणाचं टेबल एक, आणि निरोप मात्र वहिनींमार्फत. "त्याला सांग, तळाचा माल आला नाही तर मी मशीन बंद करीन." "दादाला सांगा, बंदच करायचं असेल तर किल्ल्या माझ्याकडे द्या." वहिनी दोन्हीकडचं ऐकून घ्यायच्या, त्यातलं विष गाळायच्या आणि उरलेलं पोचवायच्या. पुष्कळदा काही उरतच नसे. भांडण मिटलं ते त्यामुळेच. पण सवय राहिली ती राहिलीच. कोणाला काही अवघड सांगायचं असलं की तो वहिनींच्या कानावर घालायचा आणि आपण सुटलो असं समजून मजेत फिरायचा.

आज, धाकट्या भावाच्या म्हणजे भाऊच्या नव्या ब्रँडच्या उद्घाटनाच्या दिवशी, वहिनींच्या पोटात अशा दोन गोष्टी होत्या. दोन्ही त्यांनी कुणाला सांगितल्या नव्हत्या. खालच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या जात होत्या आणि वहिनी जिन्यात उभ्या राहून, एखादं मशीन अचानक बिघडून कार्यक्रम पुढे ढकलला जाईल का, याचा विचार करत होत्या. आज मशीन चालू नाहीत, हे त्यांच्या थोड्या वेळाने लक्षात आलं.

पहिली गोष्ट भिंगरीची. भिंगरी ही भाऊची मुलगी. आई लहानपणीच गेली, काकूने म्हणजे वहिनींनीच वाढवली. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर पळायची म्हणून पडलेलं हे नाव आता पेपरात छापून येत होतं, कारण दहा हजार मीटरमध्ये ती देशात पहिली आली होती. त्या शर्यतीनंतर एका बड्या बुटांच्या कंपनीने तिला विचारलं. चार वर्षांचा करार. ज्या सरांच्या हाताखाली शिकायचं तिचं स्वप्न होतं त्यांच्याकडे सराव, परदेशातल्या शर्यती, सगळं. अट एकच. चार वर्षं चारचौघांत पायात त्यांचाच बूट, आणि दुसऱ्या कुणाच्याही खोक्यावर तिचा फोटो नाही.

"काकू, मला हे हवंय गं," भिंगरी म्हणाली होती आणि लगेच रडली होती. "पण बाबांनी खोकी छापून घेतली. बाबांना तू सांगशील?"

"बघते," वहिनी म्हणाल्या होत्या. त्यांच्या 'बघते'ला आजवर कुणी घाबरलं नव्हतं, हीच चूक होती.

दुसरी गोष्ट दादांची. दादा म्हणजे थोरले, वहिनींचे यजमान, कारखान्यातली कात्री त्यांच्या हातात. जाहिरात या प्रकाराशी त्यांचं जन्माचं वाकडं. भाऊने मिनतवाऱ्या केल्या, आत्याने म्हणजे दोघांच्या बहिणीने हट्ट धरला, तेव्हा कुठे ते एका अटीवर तयार झाले. बॅनरवर भिंगरीचा फोटो आणि खाली 'ती घालते तोच बूट' असं लिहिणार असाल तर बूटही तोच हवा. आता भिंगरीचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा. शाळेत असल्यापासून दादा तिचे जोड स्वतः तसे कापत आले होते.

"भाऊला सांग," न्याहारी करता करता दादा म्हणाले होते, "सगळा माल मी तिच्यासारखाच कापतोय. डावा अर्धा नंबर मोठा."

वहिनींना वाटलं, बोलतायत, करणार थोडेच. दादांनी केलं. शिलाईच्या टेबलावर डावा-उजवा शेजारी ठेवून बघितल्यावर वहिनींची खात्री पटली. पण तोवर दोघे भाऊ कितीतरी वर्षांनी एकत्र हसतखेळत काम करत होते, आणि वहिनींना ते मोडवेना. पुढचं पुढे, असं म्हणून त्यांनी माल खोक्यांत भरू दिला.

ते पुढचं आता खुर्च्यांवर येऊन बसायला लागलं होतं.

*

भाऊ त्या सकाळी हवेत होता. नवा कोट, नवी इस्त्री, खिशात रुमालाची घडी. दुकानदार दारातून आत यायचे आणि समोर भिंगरीचा छताला टेकलेला फोटो बघून थबकायचे. ते थबकले की भाऊला गुदगुल्या व्हायच्या. आयुष्यभर त्याने हेच बूट दुसऱ्यांच्या नावाने विकले होते. कारखाना यांचा, घाम यांचा आणि शिक्का कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा. आज पहिल्यांदा खोक्यावर आपलं नाव आणि त्यावर आपली मुलगी. बापाला आणखी काय हवं?

मागच्या रांगेत एक राखाडी कोटातल्या बाई एकट्याच बसल्या होत्या. यादीत त्या नव्हत्या, पण चेहऱ्यावरून मोठ्या दुकानाच्या मालकीण वाटत होत्या. भाऊ त्यांच्याकडे गेला आणि सुटला.

"बाई, खरं सांगतो, आजवर तुम्ही फोटो बघून बूट घेतलेत. बूट बघून फोटो कोणी दाखवलाय? ही माझी मुलगी. ती काही भाड्याने आणलेली नाही. या कारखान्यात रांगली ती. तिच्यापुढे बड्या कंपन्यांनी पैशाच्या राशी ओतल्या तरी ती हलायची नाही!"

"असं?" बाई म्हणाल्या. "हलायची नाही?"

"माझा शब्द!"

बाईंनी विचारात पडल्यासारखी मान हलवली. चहाचे कप घेऊन येणाऱ्या वहिनी तिथूनच माघारी वळल्या, कारण त्या बाई कोण, हे घरात भिंगरीखेरीज एकट्या वहिनींना माहीत होतं. करारावर आज होकार-नकार घेऊन त्या संध्याकाळी परत जाणार होत्या.

भाषणं झाली. भाऊचं लांबलं, दादांनी बोलायला नकार दिला. मग दुकानदारांना घालून बघायला बूट वाटले. नानांच्या, म्हणजे या भावांच्या वडिलांच्या, वेळेपासून या घराचा माल घेणारे एक म्हातारे दुकानदार होते. नाना जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते कारखान्यात आले की आधी नानांच्या खुर्चीकडे बघून मान लववायचे. त्यांनी लेस बांधली, उभे राहिले, चार पावलं टाकली आणि थांबले.

"भाऊ, डावा ढिला आहे."

"काका, नवीन बूट आहे. पायाला ओळख व्हायची अजून."

"ओळख होईल रे, पण लग्न व्हायचं नाही. टाच निसटतेय."

"माझाही डावाच!" दुसरा म्हणाला. मग तिसरा. हॉलभर एकच गलका झाला. कुणी लेस आवळत होतं, कुणी बूट उलटा करून नंबर वाचत होतं. एकाने दोन्ही बूट तळाला तळ लावून वर धरले, आणि सगळ्यांना दिसलं. डावा लांब होता.

भाऊचं तोंड उघडं राहिलं. बोलका माणूस गप्प झाला की आजूबाजूच्यांना भीती वाटते, तशी आत्याला वाटली. तिने भाऊचं कोपर धरलं आणि त्याला मागच्या माल ठेवायच्या खोलीत ओढत नेलं. दादा आधीच तिथे एका गठ्ठ्यावर बसले होते. वहिनी पाठोपाठ आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

*

"दादा, शुद्धीवर होतास ना तू?"

"पुरता."

"सगळा माल? एकूण एक जोड?"

"सगळा. आणि मी निरोप दिला होता."

"कोणाकडे?"

दोघांनीही एकदम वहिनींकडे बघितलं. वहिनी कोपऱ्यातल्या लेसांच्या गुंडाळ्या नीट रचायला लागल्या.

"वहिनी?"

"अहो भाऊजी, तुम्ही दोघं इतकं गोड बोलत होतात," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, आणखी चार दिवस बोला."

भाऊला यावर रागावताही येईना. तो दादांकडे वळला. "अरे, सगळं जग काय करतं? खेळाडूसाठी खास जोड बनवतात, फोटो काढतात आणि दुकानात साधा जोड विकतात. यात चूक काय? लोकांनाही ते माहीत असतं."

"लोकांना माहीत नसतं. माहीत असतं तर फोटो लावावा लागला नसता."

"ताई, तू सांग याला!"

आत्या हिशेब बघायची आणि या ब्रँडच्या बाबतीत ती पहिल्यापासून भाऊच्या बाजूची. "दादा, अती झालं हे," ती कडाडली. "तत्त्व तत्त्व म्हणून घरादाराच्या पायावर धोंडा पाडलास. भिंगरीचा पाय तसा आहे, लोकांचा नाही!"

"बरोबर आहे," दादा शांतपणे म्हणाले. "लोकांचा पाय तिच्यासारखा नाही, लोकांना तिच्यासारखं पळायचं नाही. मग त्यांना तिचा फोटो कशाला दाखवताय?"

 आत्याला हसू फुटलं. दाबायला गेली तशी ते आणखी फुटलं. "भाऊ, आहे का रे याला उत्तर तुझ्याकडे? माझ्याकडे तर नाही."

"तू हसतेस? ताई, तू? बाहेर आपली अब्रू..."

भाऊ बोलता बोलता थांबला, कारण बाहेर आता गलका नव्हता. बाहेर कुणीतरी माइकवर बोलत होतं, आणि लोक हसत होते.

*

भिंगरी व्यासपीठावर एकटी उरली होती. समोर हातात बूट घेतलेले लोक, मागे तिचाच छताएवढा फोटो, आणि मागच्या रांगेत राखाडी कोट. आठवडाभर तिला नीट झोप नव्हती. जिंकल्यावर माणूस सुखी होतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, त्याला ती शोधत होती. पण बूट वर धरलेला दिसला आणि तिला कळलं की मोठ्या काकांनी काय केलंय. पोटातून हसूच आलं तिला. दुसरं कुणी करूच शकलं नसतं असलं काही.

तिने माइक हातात घेतला.

"बूट बरोबर आहेत," ती म्हणाली. "चूक माझ्या पायाची आहे. माझा डावा पाय मोठा आहे. शाळेत मुली चिडवायच्या म्हणून मी हे कुणाला सांगत नव्हते. काकांनी पहिला वेगळा जोड बनवून दिला तेव्हापासून मी पळायला लागले. आणि बाबांनी खाली लिहिलंय, 'ती घालते तोच बूट'. काकांनी शब्द पाळला, एवढंच."

 म्हातारे दुकानदार मोठ्याने हसले. "अगदी नानांचा मुलगा!" ते म्हणाले. आणि हसता हसता त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "पण पोरी, माझं उलटं आहे बघ. मला उजवा बूट जन्मभर चावतो. कुठलाही घेतला तरी. मी आपला बुटाला शिव्या देत आलो. तो पायच मोठा असेल का गं?"

"मोजू या," भिंगरी म्हणाली. तिने उडी मारून दादांच्या टेबलावरची पाय मोजायची फळी आणली आणि जमिनीवर बसली. "या काका, काढा मोजे."

मालखोलीतून चौघं बाहेर आले तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं. देशात पहिली आलेली मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर अनवाणी दुकानदारांची रांग होती, आणि मोज्यांच्या वासाने कुणीतरी खिडक्या उघडल्या होत्या.

"उजवा, पाव नंबर जास्त!" भिंगरी ओरडली आणि म्हाताऱ्यांनी शर्यत जिंकल्यासारखे हात वर केले. "पुढचे! डावा. चांगला अर्धा नंबर."

"माझा बघ, माझा!"

"अहो, रांगेत या!"

दादांना राहवेना. ते दुसरी फळी घेऊन बसले. ज्याचे दोन्ही पाय सारखे निघत त्याची आता थट्टा व्हायला लागली होती. "तुमचे सारखेच? अरेरे. असतात एकेकाचे." वहिनी नंबर सांगत होत्या आणि आत्या खोक्यांच्या ढिगापुढे उभी राहून हाताची बोटं मोजत काहीतरी जुळवत होती. एकाएकी तिने दोन खोकी ओढली, एकातला डावा काढला, दुसऱ्यातला उजवा काढला आणि दोन्ही टेबलावर आपटले.

"भाऊ! इकडे ये! सातच्या खोक्यातला डावा साडेसातचा आहे ना? मग त्याच्याबरोबर साडेसातच्या खोक्यातला उजवा घे. झाला दोन्ही सारखा जोड! आणि एक घर आणखी सरक, आठच्या खोक्यातला उजवा घे. झाला उजवा मोठा! माल वाया जायचाच नाही. नुसतं सुटं विकायचं!"

भाऊने त्या जोडाकडे बघितलं. मग म्हाताऱ्यांनी उजवा मोठा असलेला जोड चढवला, उठले, चार पावलं टाकली आणि पाचवं टाकताना त्यांचा चेहरा असा काही पालटला, की विकण्यात जन्म घालवलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागू नये.

"चावत नाही रे," म्हातारे म्हणाले. "भाऊ, चावत नाही."

भाऊ टेबलावर चढला. कोट अंगावर होता, पाय उघडे होते, त्याने कधी बूट काढले ते त्यालाही माहीत नव्हतं. "मंडळी!" तो ओरडला. "दोन पाय, दोन नंबर! डावा तुमचा, उजवाही तुमचा! प्रत्येक दुकानात आमची फळी, गिऱ्हाईक आलं की आधी पाय मोजायचे. बड्या कंपन्यांच्या बापाला जमणार नाही हे, ते लाखांनी काढतात, त्यांना सुटं विकणं परवडायचं नाही. अरे, आम्हाला चेहरा नकोच! आमचा ब्रँड म्हणजे तुमचे पाय! भिंगरीचा फोटो काढून टाका, फळीचा फोटो लावा!"

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडत असतानाच भाऊला आपण काय बोललो ते ऐकू आलं. तो टेबलावरून खाली उतरला. "भिंगरी... अगं, म्हणजे तसं नाही. बेटा, तोंडातून निघून गेलं."

भिंगरी फळीसमोरून उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊचा जीव गलबलला.

"बाबा," ती म्हणाली, "खरंच काढाल का?"

*

पुढचं बोलणं टेबलाच्या कोपऱ्यात, खोक्यांच्या आडोशाला झालं. भिंगरीने सगळं सांगितलं. या वेळी कुणामार्फत नाही, स्वतःच्या तोंडाने, एका दमात. कंपनी, चार वर्षं, ते सर, ती अट. भाऊ ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने वहिनींकडे बघितलं.

"हेही तुमच्याच पोटात होतं?"

"होतं," वहिनी म्हणाल्या. "फार जड होतं हो."

भाऊला पहिल्यांदा रागच आला. मग राग कुणावर काढायचा ते कळेना. त्याने जाहिरातवाल्याला विचारलं होतं, छापखान्याला विचारलं होतं, रंग कुठला घ्यावा हे तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनाही विचारलं होतं. भिंगरीला विचारलं नव्हतं. तिला काय विचारायचं, ती तर आपलीच, असं त्याला वाटलं होतं. आता त्याला मनापासून लाज वाटली.

"तुला काय हवंय?" त्याने विचारलं. "माझ्या तोंडाकडे बघू नकोस. सांग."

"मला पळायचंय, बाबा. जगातल्या सगळ्यात चांगल्या मुलींबरोबर. मला बघायचंय मी कितवी येते. त्यासाठी ते सर हवेत."

भाऊने मान हलवली.  "मग जा. कुठेय तो कंपनीचा माणूस?"

"तुमच्या दादांपुढे," वहिनी म्हणाल्या.

राखाडी कोटातल्या बाई दादांसमोर स्टुलावर बसल्या होत्या. एक बूट काढलेला, पाय फळीवर. दादा मन लावून मोजत होते. भाऊ भिंगरीच्या मागे सरकला. "त्या? अगं, त्यांना तर मी... पैशाच्या राशी... हलायची नाही म्हणून..."

"ऐकलं मी," बाई वळून म्हणाल्या आणि मनमोकळं हसल्या. "चांगलं बोलता तुम्ही. नोकरी बदलायची असली तर कळवा. आणि माझा उजवा मोठा निघाला. इतकी वर्षं बुटांच्या धंद्यात आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं."

करार निघाला. भिंगरीने तो आधी वाचला होता, पुन्हा वाचला. तिसऱ्या पानावर, आधी न खटकलेल्या एका ओळीपाशी, तिचं बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, जाहिरातीत मी म्हणायचं, 'मी हाच बूट घालून जिंकते'. दुकानात जो मिळणार, तोच माझ्या पायात असेल?"

बाईंनी काही लपवलं नाही. "नाही. तुमचा खास बनेल. सगळ्या खेळाडूंचा तसाच बनतो."

"मग हे वाक्य मी म्हणणार नाही. बाकी सगळं मान्य आहे. तुमचे बूट घालीन, फोटो काढीन, जिथे बोलवाल तिथे येईन. हे तेवढं काढा."

"हे वाक्य काढायचा मला अधिकार नाही," बाई म्हणाल्या. "आणि वर विचारलं तर ते नाहीही म्हणतील. करारच जाऊ शकतो. नीट विचार करा."

 आता कुठे भाऊने मुलीला सोडायची मनाची तयारी केली होती, आणि ती हातचं घालवत होती. "अगं, एक ओळ आहे! सगळे म्हणतात!"

"एका ओळीसाठी ते सर घालवशील?" आत्या म्हणाली. "वहिनी, समजवा हिला."

पण बोलले ते दादा. हातातली फळी खाली ठेवत, कुणाकडे न बघता ते हळूच म्हणाले, "म्हणून टाक, पोरी. जाऊ दे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. अख्खा माल वेडावाकडा कापला, पण खोटं लिहू दिलं नाही, तो हा माणूस. 

"माझं काय, मी हटवादी म्हातारा. माझ्यापायी तू अडायची नाहीस. तू पळ. त्यापुढे एक वाक्य म्हणजे काय मोठं?"

भिंगरी त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसली. "तुम्ही म्हणाला असता, काका?"

 दादांना होही म्हणता येईना आणि नाही म्हटलं तर पोरीचं नुकसान. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा," भिंगरी बाईंकडे वळून म्हणाली. "यांनाही येत नाही. मला कुठून येणार? लावा फोन."

बाई फोन घेऊन खिडकीपाशी गेल्या. हॉलमध्ये दुकानदारांचा गोंगाट चालू होता, कुणी आपल्या बायकोलाही फोन करून पाय मोजायला सांगत होतं. इकडे पाचजण श्वास रोखून एका पाठीकडे बघत होते. आत्याने वहिनींचा हात धरला होता. बाई बोलल्या, ऐकत राहिल्या, पुन्हा बोलल्या. एकदा चक्क हसल्या. भाऊने त्या हसण्याचे दोन्ही अर्थ लावून बघितले.

बाई परत आल्या.

"साहेब आधी चिडले," त्या म्हणाल्या. "मग मी त्यांना म्हटलं, साहेब, इथे एका घराने एका वाक्यापायी सगळा माल वेगळा कापलाय. ही मुलगी त्या घरातली आहे, ती ऐकायची नाही. वाक्य काढलं. त्याऐवजी तुम्ही काय म्हणाल, विचारतायत."

भिंगरीने विचार केला. "म्हणेन, यांच्यामुळे मला चांगले सर मिळाले."

"एवढंच?"

"तेवढं तर खरं आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण लिहून घेतलं. भिंगरीने सही केली. आणि मग कुणाला काही कळायच्या आत वहिनी, शांत, गंभीर, पोटात सगळं ठेवणाऱ्या वहिनी, आनंदाने अशा किंचाळल्या की हॉलमधले सगळे अनवाणी लोक वळून बघायला लागले. "पोरगी चालली!" त्या ओरडल्या. "आमची भिंगरी चालली जगात पळायला!" आपण इतकी मोठी बातमी चारचौघांत सांगून टाकली, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. म्हाताऱ्या दुकानदारांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि कशाबद्दल ते नंतर विचारलं.

भाऊ भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. रुमालाची घडी केव्हाच मोडली होती.

"काय चाललंय माझं?" तो म्हणाला. "माझ्या ब्रँडचा चेहरा गेला. पोरगी दुसऱ्याच्या कंपनीत गेली. खोकी सगळी परत छापायची. आणि मला इतका आनंद का होतोय? कोणीतरी सांगा मला!"

"बाप आहेस म्हणून, वेड्या," आत्या म्हणाली. तीही रडत होती. "बूट विकायला तू नंतर शिकलास."

भिंगरी बापाच्या गळ्यात पडली. दादा उठून दोघांजवळ येऊन उभे राहिले, त्यांनी भाऊच्या पाठीवर जोराची थाप मारली, आणि तिघांनाही हसू आलं.